आठव्या महिन्यात सोडलेला माणूस

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, दूध संघाचे माजी चेअरमन आदरणीय भगवानराव, पुण्याहून मुद्दाम आलेल्या डॉक्टर मुक्ताताई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, केंद्रात राहणारे माझे बंधू आणि त्यांना भेटायला भाकरी बांधून आलेल्या माता-भगिनींनो,

शाल दिलीत, नारळ दिलात, उपकार झाले. अध्यक्षसाहेब म्हणाले, मोहनरावांनी शेकडो संसार सावरले. साहेब, निरोपाच्या दिवशी माणसाचं वजन जरा जास्तच भरतं!

दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, संघाची ही चौसाळ्याची इमारत ओस पडली. भगवानरावांनी ती आम्हाला दिली. दूध थंड करायच्या खोलीत आम्ही दारू सोडायला आलेली माणसं निजवू लागलो. नियम एकच, आणि तो मीच केलेला: पुरे बारा महिने. का बारा? कारण आपल्याकडे पिण्याला निमित्त लागतं. पोळा, दसरा, लग्नसराई, शिमगा, सगळं एकदा कोरडं गेलं पाहिजे.

हा नियम मी एकदाच मोडला.

चकलांब्याचा उत्तरेश्वर. शिमग्यानंतर आला तेव्हा हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता. आठ महिन्यांत तोच माणूस साठ जणांच्या भाकरी थापू लागला. हसू नका, गोल थापायचा. दिवाळी झाली आणि त्याची बायको भिवराबाई दारात आली. ऊसतोडीची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती.

मुक्ताताई, तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आम्ही एक कोयता म्हणतो. मला वाटलं, बाई नवऱ्याला न्यायला आली. पण ती म्हणाली, "आप्पा, ह्यायला हितंच ऱ्हाऊ द्या. म्या धाकट्या भावासंगं कोयता लावते. तेवढं सांगाया आलते."

आणि मी शहाणा काय बोललो? म्हणालो, "अगं, नवरा धडधाकट असताना भावासंगं कोयता? लोक काय म्हणतील?"

उत्तरेश्वर पिठाच्या हातानं उभा होता. म्हणाला, "आप्पा, धाडू नका. मला आजून माझा भरवसा न्हाई."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "लई बरा झालास रे, जा," म्हणालो. मला अभिमान वाटत होता हो! आपण बरा केलेला माणूस चार लोकांना दिसावा, असंही मनात होतं. आज सांगायला लाज वाटते.

संक्रांतीच्या आधीच निरोप आला. कारखान्याच्या तळावर तो पुन्हा प्यायला लागला, आणि एका सकाळी पाचटाच्या कोपीतून उठलाच नाही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

भिवराबाई त्याचं अंथरूण न्यायला आली. मी म्हणालो, "बाई, त्याचं नशीब." तिनं वळकटी खाली ठेवली. म्हणाली, "नशीब म्हनू नका आप्पा. ते नगं म्हनत व्हते, म्या बी नगं म्हनत व्हते. तुमचं चुकलं म्हना."

ती थांबली, वाट पाहिली, आणि वळकटी डोक्यावर घेऊन गेली. त्याला सहा वर्षं झाली. आत्ता हंगाम चालू आहे, ती उसाच्या फडात असेल, धाकट्या भावासंगं. लोक काय म्हणाले? कुणी काही म्हणालं नाही.

माझ्या जागी येणारे सुंदरराव, हात जोडून सांगतो, जो माणूस स्वतः थांबतो म्हणतो, त्याला दार दाखवू नका.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर म्हातारा समजून पोटात घाला. पण भिवराबाई, तू इथं नाहीस, तरी भरल्या सभेत म्हणतो: माझं चुकलं. हे मात्र कुणी पोटात घालू नका.