यंदा शिकवणी बंद, पापड चालू

नाय गो, पाटी बरोबर वाचलीस, घर हेच – गुणाजी सर म्हणजे आमचेच हे – पण शिकवणी यंदा बंद. कॉलेजात कोणी सांगितलं नाय? कसं सांगतील, यांनी कोणाला सांगितलं तर ना! बस पंख्याखाली. रोह्याहून उन्हाची आलीस, पाणी पी. पूजा ना नाव? हां. तर तो कॉम्प्युटरवरचा भरती-ओहोटीचा प्रोग्राम, कुठल्या खाडीला कधी नि किती पाणी चढणार ते सांगणारा – तुला ठाऊकच असणार, उगाच का आलीस – कोण जर्मनीत बसून लिहितो, कोण जपानात, नि आमचे हे इथे पेणला, रामवाडीत, बनियनवर. आणि सगळं फुकट! कोणीपण घ्या, उघडा, आत हात घाला, दुरुस्त करा. मी म्हटलं, अहो, फुकटच वाटायचं तर शेजारी ओळख देतील असं कायतरी वाटा. पण नाय. दर मे महिन्यात पोरं घरी आणायची, ती प्रोग्राम लिहायला शिकणार नि माझ्या तांदळाच्या भाकऱ्या हादडणार.

बंद का, विचारतेस? तो गेल्या वर्षीचा साहिल, हमरापूरचा. हुशार, पण भारी घाईचा. आजोबांना भरतीच्या वेळा विचारल्या नि दिल्या घालून प्रोग्रामात. आता आपल्या म्हाताऱ्यांचा दिवस बदलतो कधी? सूर्य उगवला की! मंगळवारी पहाटे तीनला पाणी चढलं तरी आजोबा म्हणणार सोमवारची रात्र. या शहाण्यानं लिहिलं – सोमवार, पहाटे तीन. झालं! पहाटेच्या सगळ्या भरत्या एक दिवस आधी. तिकडे जर्मनीवाला डोकं धरून बसला, पेणचा चंद्र वेगळा हाय का म्हणून! मग सगळ्यांनी मिळून ठरवलं – यंदा नवीन पोरं नकोत, आधी जुन्यांनी घातलेला घोळ निस्तरू. यांनी इथून मान डोलावली. मला विचारलं? भाकऱ्या कोण थापत होतं?

तुला वाटेल, बाई सुटली. कसली सुटते गो! अर्धवट राहिलं ना माझं – म्हणजे – जाऊ दे, सरबत घेतेस? – बरं सांगते, पण यांच्याजवळ बोलायचं नाय. ती गेल्या वर्षीची नमिता मला शिकवायची, दुपारी, हे पेपर तपासायला गेले की. साऱ्या जगाच्या खाड्या हायत त्या प्रोग्रामात, माझ्या माहेरचीच नाय! भाऊ माझा, शिवा, मिठागरावर असतो. तिथी कळते त्याला, पण उधाण किती चढणार ते नाय कळत – नि बांध फुटला की वर्षाचं मीठ गेलं पाण्यात. ती खाडी मला घालायची हाय, माझ्या हातानं. अर्धी घातली नि हे बंद! रडू येतं गो, खरंच. यांना विचारलंवतं एकदा, आडून – हसले. म्हणाले, हौसा, तू आपले पापड बघ.

तुला येतं ना गो, ते कॉम्प्युटरला एकच काम फिरून फिरून करायला लावतात ते? तिथंच अडलेय मी. येतं? देवीची शपथ? अगो बाय माझी –

थांब. फाटक वाजलं.

अहो, कोणी नाय! रोह्याची पूजा हाय, पापड शिकायला आलीय! – व्हय, पापड! – छे, कॉम्प्युटरचं नावसुद्धा नाय काढलं तिनं!

ऊठ, ऊठ. उद्या दुपारी ये, हे नसतात. आणि येताना हातात लाटणं आण, वाटेत भेटले तर विचारतील. जा आता.