रेघ पहिले

आमच्या ताईचं सांगतो. ती अकोल्यात नर्स हाये. जपानात नोकरी पाहिजे म्हणून मोबाइलवर बोटानं तिकडची अक्षरं गिरवते. एकदा अकोटच्या एसटीत एक अक्षर मोबाइल मान्यच करेना. मले तं ते हुबेहूब दिसे.

"आपल्या सवयीनं वरची रेघ शेवटी मारली जाते," ताई म्हणे. "त्यायले ती पहिले पाहिजे."

"मंग सोड न."

"कावून? चूक माही हाये."

अकोट येईपर्यंत तिनं तेच गिरवलं.

परवा माह्या लग्नासाठी घराच्या भिंतीवर नावं लिहाले ताईच बसली. तिनं पहिले लांब, सरळ रेघ ओढली आन् मंग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं.

माय पाहतच राहिली. म्हणे, "पोरगी जाईन तवा जाईन, हात तं गेला जपानात."