नानांची तुटक रेघ

मंडळी, वर्गात मी रोज बोलते. शोकसभेत आज पहिल्यांदाच. सांभाळून घ्या. एवढ्या उन्हाचे तुम्ही दोंडाईच्यापासून इथं धुळ्याला आलात. भिका नाना असते तर आधी सगळ्यांच्या जेवणाचं विचारलं असतं, "जेवनात का बठ्ठा?"

नाना सडकेवरचे मुकादम. रिटायर झाल्यावर लोक पारावर बसतात, हे सायकल घेऊन वाट शोधायला निघाले. कुठली वाट? दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या गलबतांचा माल भडोचला उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून पैठणला जायचा, ती. आपल्या खानदेशातून ती गेली एवढं नक्की. पण कुठून? तापीच्या काठानं? पांझरेच्या? छातीठोकपणे कुणी सांगत नाही. मी इतिहासाची बाई, नकाशा काढायचं काम माझ्याकडे. दर रविवारी आम्ही दोघं रानात.

नाना शेतकऱ्याला कधीच विचारत नसत, "जुनी वाट कुठं आहे?" म्हणायचे, बाई, असं विचारलं की पाव्हण्याचं मन राखायला माणूस कुठंही बोट दाखवतो. ते विचारत, "दादा, तुना नांगरना फाळ कोठे मोडस?" जिथं फाळ मोडतो, जिथं कपाशी पट्ट्यानं खुरटी राहते, तिथं खाली दगड. मग शेजारच्या शेतात तोच पट्टा सरळ पुढं जातो का, ते बघायचं. गेला तरच नकाशावर रेघ. नाही तर टिंबं. अशी तीन ठिकाणं पक्की झाली. सहा वर्षांत तीन.

आणि चौथं? त्याच्यावरून तर या धुळ्यात लोक आम्हाला हसले!

माळावर बाभळीत गाडलेली कोसभर वाट होती. कडेचे दगड उभे रोवलेले, एकाला एक घट्ट. नाना त्यावरून हात फिरवत म्हणाले, "काय हात व्हता, बाई, त्या लोकेसना!" मी काळ्या शाईनं ठसठशीत रेघ मारली. दोन वर्षं ती रेघ आम्ही मिरवली.

मग एक दिवस नानांच्या पत्नी, सखूअक्का, भाकरी घेऊन बरोबर आल्या. बसल्या, दगड पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "आवो, हाई ते आपलंच काम शे! मोठा दुष्काळमा करेल!" खरंच की. दुष्काळी कामाची सडक, अर्धी राहिलेली. नानांनी आठ महिने तिथं दगड रोवले होते, अक्कांनी खडी फोडली होती. तुम्ही म्हणाल, स्वतःचं काम माणूस विसरेल कसा? अहो, खाली मान घालून दगड रोवणाऱ्याला भोवतालचं रान कुठं दिसतं? पोटात आग, डोक्यावर ऊन. नानांनी माझ्या हातातल्या नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई, पुसी टाक."

मी म्हटलं, नाना, राहू द्या, कुणाला कळतंय? तर माझ्यावर असे खेकसले! पुढच्याच महिन्यात याच सभागृहात उभं राहून त्यांनी स्वतः सांगितलं, मी चुकलो. लोक खो खो हसले. एक विद्वान म्हणाले, मुकादमाचं बाकीचंही असंच असणार. फाईल बंद. मला आजही राग येतो. तीन जागा बघायला एकजण फिरकला नाही! चूक कबूल करणारा एकटा तो, आणि खोटाही तोच?

आता मान्यवरहो, तुमच्याशी बोलायचंय. नानांच्या गावच्या फाट्यावर त्यांच्या नावाचा फलक लावताय, आनंद आहे. पण काल तुमचा निरोप आला, "बाई, फलकावर वाट सलग दाखवा. गेलेल्या माणसाच्या नावाला गालबोट नको."

नाही दाखवणार. शाई माझी, हात माझा. अजिबात नाही दाखवणार! ज्या माणसानं भर सभेत स्वतःची रेघ पुसली, त्याच्या मरणानंतर मी ती पुन्हा जोडू? कुठल्या तोंडानं? गालबोट चुकीनं लागत नाही, या असल्या सारवासारवीनं लागतं. तीन जागी रेघ राहील. बाकी टिंबं. आणि टिंबांखाली लिहीन, इथं वाट सापडलेली नाही, शोधावी. फलक नको झाला तर नको. मी शाळेच्या भिंतीवर रंगवीन.

सकाळी अक्कांना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "जे शे ते लिख."

तर अक्का, अजून एक आहे ते लिहिते. ती माळावरची कोसभर सडक मी लाल शाईनं काढणार आहे. जुन्या वाटेचे दगड कुणी रोवले, त्यांची नावं आता कुणालाच सापडायची नाहीत. या सडकेची सापडलीत. रेघेखाली लिहिणार, करणारे, भिका नाना आणि सखूअक्का.

अक्का, तुम्ही बसूनच राहा. बाकी सगळे उठा. दोन मिनिटं कुणी बोलू नका.