अंडी टाकून धावलेली राक्षसीण

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. शेजारी एक बाप आणि त्याची दहा-अकरा वर्षांची लेक. लेकीच्या मांडीवर वही.

“बाबा, काल खेळात माझी तिरंदाज मेली ती कशामुळे?”

“जाऊ दे गं. फाशांचा खेळ तो.”

“नाही, सांग. राक्षस तू खेळवतोस, त्यांची माहितीही तूच लिहून दिलीस. ही बघ राक्षसिणीची. ‘अंडी राखते, घरट्यापासून दहा पावलांपलीकडे जात नाही.’ म्हणजे ती राखणदार, पाठलाग करणारी नव्हे. म्हणून मी पुलापलीकडून बाण मारले. तरी ती धावत आली! माझं काय वाचायचं राहिलं?”

“काही नाही.”

“मग?”

“तुझ्या बाणांनी राक्षसीण मरायलाच टेकली होती. त्यात काका म्हणाला, पोरीनं बापाला लोळवलं. सगळे हसले.”

“आणि?”

“आणि मी तिला तुझ्या अंगावर सोडलं.”

“अंडी टाकून?”

“हो.”

“मग काका मला म्हणाला, वहीत नाक खुपसून बसते, पण डोक्यात काही शिरत नाही. तेव्हा तूही हसलास.”

“हसलो.”

“मी सकाळपासून पाच वेळा वाचलं, बाबा.”

शिक्षिकाबाईंनी नजर जमिनीकडे वळवली.

“चुकलं माझं. तुझी तिरंदाज जिवंत झाली असं लिही.”

“ते नको. काकाला सांग.”

“घरी गेल्यावर सांगतो.”

“आत्ता.”

“इथं? लोक आहेत गं.”

“कालही होते.”

बापानं फोन काढला.

“स्पीकरवर लाव,” लेक म्हणाली.