सासूबाईंचा मोतीबिंदू आणि आमचा बंपर

…आणि वर मलाच म्हणतो, "त्यात काय एवढं!" अहो, त्यात काय एवढं म्हणजे? भर उन्हात उकिडवं बसून बंपर घासतोय कोण? मी! गुडघे कुणाचे कुरकुरतायत? माझे! आणि हा आमचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हातात चहा घेऊन उभा… आमच्याच घरचा चहा, आमच्याच कपात… आणि मला सांगतो, "त्यात काय एवढं! पुसलं की झालं!"

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस उगाच साडूवर घसरतोय.

तर आमची गाडी. गाडीला काही झालेलं नाही हं. इंजिन ठणठणीत, ब्रेक चोख, हॉर्न तर असा की समोरचा माणूस आधी उडी मारतो आणि मग मागे बघतो. पण गाडीला ते रंग न दिलेलं काळं प्लास्टिक असतं ना… बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची कव्हरं, काचेखालची वायपरची जाळी… ते गाडी घेतली तेव्हा काळंभोर होतं. आता गाडी उभी असते उघड्यावर. ऊन खाऊन खाऊन काळ्याचं झालं करडं, करड्याचं झालं राखाडी, आणि पत्र्याला पॉलिश करताना जिथे जिथे माझा हात घसरला, तिथे पांढरे फराटे! पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखी दिसत होती बिचारी. मला त्याचं काही नव्हतं. गाडी चालते ना? मग झालं!

पण साडूने नवी गाडी घेतली. घेईना का! पण लावायची कुठे? बरोब्बर आमच्या गाडीच्या शेजारी! आला होता सासूबाईंना भेटायला. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तर हा त्यांच्यासमोरच मला विचारतो, "काय रे, तुझी गाडी कंपनीतूनच अशी राखाडी आली होती का?"

तुम्हाला सांगतो, माझ्या आधी सासूबाई कडाडल्या. "काहीतरीच काय! जावईबापूंची गाडी अजून कोरी करकरीत आहे. काळाभोर बंपर आहे तिचा. मला दिसतोय ना!"

आता त्यांना काय दिसत होतं म्हणता? गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलला त्या दोनदा "या, बसा" म्हणाल्या होत्या. पण माझ्या गाडीची बाजू घेतली हो त्यांनी! ऊर भरून आला माझा. तोवर साडू गालात हसून म्हणतो, "ऑपरेशन होऊ दे आई, मग बघा."

झालं! रात्री जेवताना बायको काय म्हणते? "अहो, आईने तुमच्या गाडीचं इतकं कौतुक केलंय. ती दवाखान्याच्या बाहेर येणार, आणि पहिल्यांदा तिला काय दिसणार? ती राखुंडी? एवढं काळं करून टाका ना, त्यात काय एवढं!"

म्हणजे आमच्या घरातही तेच! मी म्हटलं, करतो.

सुरुवात केली गोड्या तेलाने. कुणीतरी सांगितलं होतं, तेल चोपडा, प्लास्टिक पितं आणि काळं होतं. चोपडलं. अहाहा! काय चकाकी! मी चार पावलं मागे जाऊन बघतोय, पुढे येऊन बघतोय… आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची सगळी धूळ माझ्या बंपरवर मुक्कामाला! तेही चाललं असतं. पण शेजारणीचा कुत्रा आला. त्याने आधी हुंगलं, मग चाखलं, मग म्हणाला असेल मनात, वा! आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बंपर चाटत सुटला. आणि शेजारीण मलाच झापते! "अहो, माझ्या बाळाच्या पोटाला काही झालं तर? लोकांनी गाडीला काहीही लावायचं?" बाळ! माझ्या कमरेएवढं बाळ! मी म्हटलं, बाई, घरचं तेल आहे, आम्हीही तेच खातो. तर मागून खिडकीतून आमच्या हिचा आवाज, "बघू बघू, बाटली कुठाय? तरीच म्हटलं!"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते सगळं घासत बसलो, तेव्हाच तर साडू चहाचा कप घेऊन उभा होता, सुरुवातीला सांगितलं ना! मग बुटाचं पॉलिश. मी म्हटलं, बूट काळा होतो, बंपर का नाही व्हायचा? ब्रशने लावलं, फडक्याने घासलं. काळं म्हणजे काय काळं! आणि नेमका साडू आला. पांढरीशुभ्र पँट! कुणी सांगितलं होतं पांढरी पँट घालायला? आला, गाडीकडे बघितलं, "हं… ठीक आहे," म्हणाला, आणि टेकला की दाराला! ऐसपैस टेकला आणि मला गाडीची निगा कशी राखावी ते सांगायला लागला. पॉलिश वाळलं नव्हतं. मला दिसत होतं. मी दोनदा तोंड उघडलं. खरं सांगतो, दोनदा "अरे…" म्हटलं. पण तो मला बोलू देईल तर ना! "आधी माझं ऐक," म्हणाला. ऐकलं बाबा. सगळं ऐकलं. तसाच गेला ऑफिसला, मागे आडवा काळा पट्टा घेऊन. दुपारी फोन आला. तो फोन मी तुम्हाला करून दाखवू शकत नाही, समोर बायकामुलं बसलीयत. मी शेवटी एवढंच म्हटलं, "अरे पुसलं की झालं, त्यात काय एवढं!"

हसताय काय? पुढचं ऐका.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना जुन्या खुर्च्या खरवडून रंगवायचा नाद. त्यांच्याकडे गरम हवा सोडणारं एक यंत्र. म्हणाले, "घेऊन जा. प्लास्टिकवर गरम हवा मारली की आतला तेलकटपणा वर येतो, काळं होतं. फक्त हात थांबवू नका. फिरवत राहा. त्यात काय एवढं!"

मारली. आणि काय सांगू, जादू! हवा फिरेल तिथे राखाडी जाऊन काळं येतंय, डोळ्यांसमोर! मी तर गाणं म्हणायला लागलो. पुढच्या दाराच्या पट्टीवर आलो आणि वरून हिची हाक, "अहो, दवाखान्यातून फोन आला होता, परवाचं नक्की झालंय! सकाळी उपाशीपोटी न्यायचंय!" मी वर बघितलं. "काय म्हणालीस?" म्हटलं. ती परत म्हणाली. मी "बरं" म्हटलं. तेवढंच! फक्त तेवढंच संभाषण झालं आमचं, संसारात इतकं कमी कधी बोललो नसू… आणि खाली बघतो तर पट्टी लोंबतेय! जीभ बाहेर काढून दाखवावी तशी! माझ्याच गाडीने मला वेडावलं हो!

गेलो गॅरेजवाल्याकडे. त्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं, आणि आतून नवी पट्टी आणून ठोकून बसवली. आता नवी पट्टी कशी? काळीकुळकुळीत! त्यामुळे झालं काय, की एका दारावर अमावस्या आणि बाकी सगळीकडे राख. आधी निदान सगळं सारखं वाईट होतं!

मग मात्र मी शहाण्यासारखा दुकानात गेलो. दुकानदाराने बाटली दिली, खास याच कामाची, आणि म्हणाला, "आधी धुवा, सगळं जुनं तेल, मेण काढा, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या, पत्र्याच्या कडेने चिकटपट्टी लावा, मग पातळ हात द्या, सावलीत. आणि दिवसभर पाणी लागू देऊ नका. त्यात काय एवढं!" मी त्याला म्हटलं, भल्या माणसा, यालाच तर एवढं म्हणतात!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रजा टाकली. ही जुना टूथब्रश घेऊन वायपरची जाळी घासतेय, मी तेल काढतोय, पॉलिश काढतोय… निघालेल्या पाण्याचा रंग बघून मलाच माझी दया आली. सासूबाईंना खुर्ची टाकून सावलीत बसवलं होतं. एरवी त्या अखंड बोलतात. त्या दिवशी गप्प. ही चहा टाकायला आत गेली आणि त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, उद्यानंतर काहीच दिसलं नाही तर हो?"

मी नुकताच बाटलीतला पहिला हात देऊन झालो होतो, तो स्पंज खाली ठेवला. आपल्याला कुठे काय कळतं डोळ्यांतलं? म्हटलं, "दिसेल आई. डॉक्टर रोज करतात."

"आणि नाहीच दिसलं तर?"

"तर मी आहे ना सांगायला. पुढच्या सीटवर बसायचं, मी गाडी चालवणार, आणि आलं काय गेलं काय, सगळं सांगत राहणार."

"खरंखुरं सांगाल? की ह्या बंपरसारखं रंगवून?"

आता बोला! म्हणजे सगळं माहीत होतं त्यांना! हसल्या, उठल्या, चाचपडत आल्या आणि सरळ दाराच्या पट्टीवर हात! मी ओरडलो, "आई, ओलं आहे!" तर म्हणतात, "मला दिसत असतं तर उद्या कशाला जायचं होतं?"

ऑपरेशन झालं. एक रात्र ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. मी खाली दारात गाडी लावून उभा. शेजारी कोण? साडू! नवी गाडी धुऊनपुसून! म्हणाला, "आईंना माझ्या गाडीतून नेऊ, आरामात जातील." पण आमच्या बंपरकडे बघून दोन पावलं मागे सरकला हं. एवढा काळा झाला होता! हात न लावता, दुरूनच बघत होता. पँट करडी घातली होती.

सासूबाई पायऱ्या उतरल्या. हिचा हात धरलेला, पण नजर वर. झाडाकडे बघितलं. समोरच्या पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. "अगंबाई, केवढा उजेड हा!" म्हणाल्या, आणि हिच्या डोळ्यांना पाणी. माझ्या डोळ्यांत काही नव्हतं, ते स्पिरिट… जाऊ दे. साडूने नव्या गाडीचं दार उघडलं. सासूबाई थांबल्या, म्हणाल्या, "छान आहे हो," आणि चालत आल्या आमच्या गाडीकडे. वाकून बंपर बघितला. म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते? कोरी करकरीत!" आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या!

तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका ताठ मी कधी बसलो नसेन. गाडी सुरू केली. आणि सासूबाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. बघतायत… बघतायत…

"जावईबापू, तुमचे केस हो कधी पिकले?"

मागच्या सीटवर ही खुदखुदायला लागली.

"आणि पोट एवढं? स्टिअरिंगला लागतंय की! आणि हे काय, सायकलवाला पुढे गेला आपल्या? तुम्ही इतकी हळू चालवता? मला वाटायचं आपण भुर्रकन जातो!"

घर येईपर्यंत हेच. मी आपला "हो आई", "खरंय आई". काय करणार?

डॉक्टर म्हणालेत, हा फक्त उजवा डोळा. डावा अजून व्हायचाय.