पायलटाला जाब कोण विचारणार?

आमच्या शिवाचं विमान तुमी कुणी बघितलं न्हाई, म्हणून सांगतो. लढाई संपली आन माझा हा चुलतभाऊ विमानदलातनं सुटून इस्लामपूरला आला. लष्करानं काढून टाकलेलं एक लहान विमान घेतलं. भाड्यानं माणसं न्यायचा बेत, पण सरकारी परवाना मिळंना. शेवटी मुंबईचा साहेब तपासणीला आमच्या माळावर आला.

विमान बघून साहेबानं विचारलं, "कंपनीचे मॅनेजर कोण?"

"मीच," शिवा म्हणाला.

"मुख्य पायलट?"

"मीच."

"बाकीचे पायलट?"

"न्हाईत."

साहेब तापला. "मग पायलट चुकला, तर त्याला जाब कोण विचारणार?"

मला वाटलं, गेला परवाना.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली चुलती पुढं झाली. "आवं, मी हाय की! आई हाय त्याची."

साहेब हसला. "तुम्हाला विमानातलं काय कळतं?"

"इमानातलं न्हाई, पर ह्यातलं लय कळतं," म्हणत तिनं शिवाचा कानच धरला. "काल देवळाच्या कळसाला घासून कोण गेलं रं?"

लढाईत गोळ्या चुकवलेला गडी कळवळला. "चुकलं, आई!"

साहेब म्हणाला, "एवढी शिस्त आमच्या हापिसातही नाही." परवाना दिला, पण एका अटीवर. आईनं नको म्हटलं, की उडायचं नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं, साताऱ्याचा एक कंत्राटदार. चुलतीनं ढगाकडं बघितलं. "आज न्हाई."

कंत्राटदार भडकला. "तुम्ही कोण सांगणार?"

चुलती म्हणाली, "मी सरकार. बसा, च्या घ्या."