कलम सात

—तर विषय असा घालू या : ‘मुलगा नामे दिनेश, वय बावीस, सज्ञान, सध्या मुक्काम निजधाम परिवार, साधक निवास, कॉटन ग्रीन, यास घरी परत मिळणेबाबत.’ संदर्भ : सदर मुलाने सही केलेलं निवेदन, एक पान, झेरॉक्स सोबत. ठीक? बसा हो, हरेश्वरराव, गॅलरीतली खुर्ची डुगडुगते पण पडत नाही, चाळीइतकीच जुनी आहे आणि चाळीइतकीच टिकून आहे. पिशवीत काय आणलंत? पापलेट? अहो कशाला— मालन, हे आत घे गं. मालन! ऐकायला नसेल गेलं. राहू द्या तिथेच उंबऱ्याशी. तर अर्ज. चाळीत सगळ्यांचे अर्ज मीच लिहितो, तुम्हाला शिवडीपर्यंत कुणी सांगितलं कोण जाणे, पण खरं आहे, छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली, त्या टेबलावरून माणसं गेली नाहीत, कागद गेले, माणसं काय, कागदाच्या मागून येतात.

काय म्हणतो तुमचा मुलगा? घरी आला की पाणीसुद्धा विचारून पितो? हं. आणि मासळीचा वास सहन होत नाही म्हणतो— कोळ्याचा मुलगा! हसू नका म्हणता? मी हसत नाही हो, चेहराच असा आहे, ऑफिसातही साहेबांना वाटायचं मी हसतोय. आणि नावाचं बघा, निजधाम. आपल्याकडे माणूस निजधामाला गेला की फळ्यावर खडूने लिहितात आणि अंघोळ करतात, आणि यांनी ते दारावर पितळेत लावलंय. मुलगा कुठे भेटला त्यांना? अभ्यासिकेत ना? मला वाटलंच. चिंचपोकळीच्या त्या नव्या इमारतीत तळमजल्यावर, एसी, पंख्याचा आवाज नाही, थंड पाणी, चार वाजता चहा, आणि सगळं फुकट. दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या पोराला आणखी काय दाखवायचं? पहिले सहा महिने देवाचं नावसुद्धा काढत नाहीत. परीक्षा नापास झाली की मग काढतात. मग सांगतात, तू हुशार आहेस, तुला घर खाली ओढतंय.

मला कसं ठाऊक? ऐकून हो. चाळीत चार गोष्टी कानावर येतात.

बरं, त्या निवेदनाचं बघू. कलम एक, मी पूर्ण शुद्धीत व स्वेच्छेने निवासात राहत आहे. कलम तीन, माझ्या शिक्षणाचा, विवाहाचा व व्यवसायाचा निर्णय मी स्वतः घेईन. कलम पाच, नातेवाइकांनी भेट मागितल्यास ती देणे न देणे माझ्या मर्जीवर राहील. आणि कलम सात— हे नीट ऐका, सगळं यातच आहे— ‘हे निवेदन मी पुढे तोंडी मागे घेतल्यास ते इतरांच्या दबावाखाली घेतले असे समजावे. मागे घ्यायचे झाल्यास मी स्वतः निवासात हजर राहून, लेखी, परिवाराच्या दोन साक्षीदारांसमक्ष मागे घेईन.’ बघा, काय बांधणी आहे! मुलगा रस्त्यात तुमच्या गळ्यात पडून रडला तरी तो दबाव. पोलिसांसमोर घरी जातो म्हणाला तरी दबाव. आता कायद्यात हे किती टिकतं ते सोडा, टिकायची गरजच नाही, ज्याला काही करायचं नाही त्याला दाखवायला एक कागद पुरतो— काय? काय बघताय असे?

कागद अजून तुमच्याच हातात आहे म्हणता.

हं. आहे खरा.

पाठ आहे माझा. असा मसुदा एकदा वाचला की— कुणी लिहिला? असेल कुणी वकील. नाही, वकील असं लिहीत नाही, वकील पाल्हाळ लावतो. हे कारकुनाचं काम आहे. एकेक फट बघून बुजवलेली. थांबा, पाणी देतो तुम्हाला. नको? मग मी पितो.

मला एक मुलगी आहे, हरेश्वरराव. श्रेया. ‘होती’ असं म्हणणारे चाळीत आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही. सव्विसावं चालू आहे. स्पर्धा परीक्षा द्यायची होती तिला, आणि अभ्यासिकेत तिचं नाव कुणी घातलं— मी. फॉर्म मी भरला, फोटो मी चिकटवला. आणि तिला सोडायला गेलो तर तिथली ती माणसं, साधी, पांढरे कपडे, हळू बोलणारी, म्हणाली, परबसाहेब, तुम्ही सरकारी खात्यात होतात ना, आमच्याकडे पत्रव्यवहाराचा फार गोंधळ आहे हो. निवृत्त होऊन मला अकरा महिने झाले होते. अकरा महिन्यांत मला साहेब कुणी म्हटलं नव्हतं. मालन म्हणायची तेसुद्धा ‘जरा बाजूला सरका, केर काढायचाय.’ यांनी मला टेबल दिलं. खिडकीजवळचं. मी त्यांचं आवक-जावक रजिस्टर लावून दिलं, शिक्का कुठे मारायचा, सरळ कसा मारायचा, पोच कशी द्यायची, सगळं. पोरगी त्या हॉलमध्ये वाचतेय आणि बाप शेजारच्या खोलीत शिक्के मारतोय, मला वाटायचं, कुटुंबाचं कसं छान चाललंय. लोक म्हणतात पोरं फसतात. पोरं नंतर फसली, हरेश्वरराव. आधी मी फसलो, आणि मला तर पूर्वपरीक्षेत नापाससुद्धा व्हावं लागलं नाही.

ती झाली. दोनदा. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या आठवड्यात एक कागद घेऊन आली घरी. म्हणाली, बाबा, निवासातल्या मुलींचं निवेदन आहे, भाषा फार ढिसाळ आहे, बघता का? मी विचारलं नाही की कुठल्या मुली. मी विचारलं, लाल पेन कुठे आहे? रविवारची दुपार होती. मालन आत कुळथाची पिठी करत होती. मी लिहीत गेलो आणि पोरगी समोर बसून बघत होती, आणि मला असं वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही माझं काम बघतेय. सहाच कलमं होती मुळात. सातवं मी घातलं. मला वाटलं, इथे फट राहते, उद्या कुणी तोंडी काहीतरी बोलेल आणि संस्था अडचणीत येईल, ऑफिसात आम्ही असंच करायचो, तोंडी कबुलीला अर्थ नाही, लेखी द्या, समक्ष द्या, दोन साक्षीदार. ती म्हणाली, बाबा, तुम्ही ग्रेट आहात. सोमवारी तिने त्याच्यावर सही केली. मंगळवारी कपाटातले तिचे ड्रेस कमी दिसले ते मालनला. मला नाही दिसले.

चौकीत गेलो ना. हरवल्याची तक्रार घेऊन. साहेब चांगला होता, चहा मागवला, मग परिवाराकडून आलेली प्रत काढली, वाचली, आणि मला म्हणाला, काका, यात कुठेच फट नाही, ज्याने लिहिलंय तो मुरलेला माणूस आहे. आणि मला— आता तुम्हाला सांगतोय, मालनला सांगितलेलं नाही— मला क्षणभर बरं वाटलं. मुलगी गेलेली, आणि मी त्या खुर्चीत बसून, क्षणभर, बरं वाटून घेतलं.

सोडवून आणली होती हो तिला. आणली होती! मी नाही, मालनने. मालनचा भाऊ राजेश मंडळाची पोरं घेऊन, टेम्पो लावून निवासाच्या भिंतीवरून चढायच्या गोष्टी करत होता, मी प्लॅनचा कच्चा आराखडा मागत होतो, आणि मालनने कुणाला न सांगता एवढंच शोधून काढलं की दर गुरुवारी सकाळी भायखळ्याच्या भाजीबाजारात निवासातल्या तीन मुली भाजी घ्यायला येतात. गेली. श्रेया कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी होती. मालनने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, ‘घराक चल.’ बस्. ना आरडाओरडा, ना राजेश, ना टेम्पो. ती चालत आली हो आईबरोबर. कोथिंबिरीची जुडी तशीच हातात. आम्ही ती चटणीला वापरली.

एकोणीस दिवस होती. पहिले चार दिवस झोपली. पाचव्या दिवसापासून मोरीपाशी उभी राहून विचारायची, आई, हात धुऊ? मालन म्हणायची, धू गो बाय, तुझीच मोरी आसा. आठव्या दिवशी शेजारच्या आनंदीबाईंच्या नातवाने गॅलरीत नाक शिंकरलं त्याला हसली. नको तिथे हसली, पण हसली. मालन रोज तिच्या केसांना तेल लावायची आणि काही विचारायची नाही. आणि एकोणिसाव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, बाबा, मला आता इथेच राहायचंय. हातातला घास तसाच होता माझा. आणि लगेच पुढे म्हणाली, पण सात नंबरचं काय?

तुम्हाला हे वेडगळ वाटेल. मलाही आधी वाटलं. पण त्यांनी तिला रोज बसवून ते कलम म्हणून घेतलं होतं, की बाहेर तुझ्या तोंडून जे निघेल ते तुझं नसेल, तसं तूच लिहून दिलंयस, विचारपूर्वक, शुद्धीत. ती मला म्हणाली, बाबा, मी राहायचंय म्हणतेय ते मीच म्हणतेय ना? कसं कळणार? मालन म्हणाली, कागद घाला चुलीत, चेडू तोंडान सांगता हा, ता पुरा नाय काय? आता बघा, एवढं सोपं होतं. एका बाजूला ही आई, दुसरी पास, आणि एका बाजूला मी, बी.ए., हेड क्लार्क. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, मूळ प्रत त्यांच्याकडे आहे, झेरॉक्स जाळून काय उपयोग? एकदा रीतसर मागे घे, म्हणजे मनाला रुखरुख राहणार नाही.

अर्ज मी लिहिला. पाच ओळी. ‘दिनांक अमुकच्या निवेदनातील कलम सातनुसार मी सदर निवेदन लेखी मागे घेत आहे.’ फार सुबक झाला होता. मालन दाराशी आडवी उभी राहिली, मी तिला म्हणालो, समजत नाही तिथे बोलू नये. टॅक्सीने गेलो आम्ही कॉटन ग्रीनला. फाटकाच्या आत गेलं की चपला काढाव्या लागतात तिथे. मी आत जायला निघालो तर रखवालदार म्हणाला, समक्ष म्हणजे अर्जदाराने एकट्याने, परबसाहेब, तुम्हीच तर नियम केलाय. ओळखत होता तो मला. श्रेया म्हणाली, पाच मिनिटांत पोच घेऊन येते, बाबा. अकरा वाजले होते. तिने वळून बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घातली की नाही ते बघत होतो.

सहा वाजता रखवालदार आला. एका हातात पोच, एका हातात तिच्या चपला. शिक्का सरळ मारला होता, अगदी सरळ.

फाटक वाजवलं ना. वाजवलं, राजेश आला, मंडळाची पोरं आली, चौकीतून दोघं आले, आणि आतून ती गच्चीवर आली आणि हात जोडून म्हणाली, मी स्वेच्छेने आहे. दोन बायका बाजूला उभ्या होत्या. दोन साक्षीदार. भाजीला आता वेगळ्या मुली जातात, वेगळ्या बाजारात. मालन तरी अजून दर गुरुवारी भायखळ्याला जाते. येताना कोथिंबीर आणत नाही. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. नळ आला. गॅस संपला. एवढं बोलते.

तर हरेश्वरराव, हा तुमचा अर्ज मी लिहिणार नाही. अहो, हात जोडू नका. ऐका. दिनेश घरी येतो ना अजून, रविवारी? पाणी विचारून पितो का होईना, येतो ना? मग या रविवारी त्याला जाऊ देऊ नका. दार लावू नका, बांधू नका, मनगट धरा फक्त. त्याच्या आईला धरू द्या, आईला जास्त कळतं. आणि तो सात नंबरचं म्हणाला की सांगा, ते कलम लालबागच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने रविवारी दुपारी पिठीचा वास घेत लिहिलंय, त्यात देव नाही, गुरू नाही, काही नाही, एका माणसाला आपलं अक्षर दाखवायचं होतं. हवं तर मला बोलवा, मी येऊन त्याच्यासमोर सांगतो. लेखी मात्र मागू नका. त्याच्याकडून तर एक अक्षर लिहून घेऊ नका.

आणि ही पिशवी घेऊन जा. मघापासून तिथेच आहे, तिने उचलली नाही— ऐकायला गेलं होतं तिला. अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्याचं ती काही घेत नाही. उठा. संपलं आपलं काम. चपला बघून घाला, दाराशी उजवीकडच्या त्या लेडीज आहेत, त्या हलवू नका.

श्रेयाच्या त्या अर्जाचं काय झालं, म्हणता? आवक क्रमांक दोनशे चौदा. एक वर्ष पाच महिने. स्मरणपत्रं अकरा, सगळ्यांची पोच आहे. अर्ज विचाराधीन आहे.